स्तुतीआधी विलाप

दुःखात असलेला माणूस देवाकडे वळला की त्याला सर्वांत आधी स्तुती करायला सांगितलं जातं. मंडळीत इतकी वर्षं वावरल्यावर आणि स्वतः त्या वाटेनं गेल्यावर मी ठामपणे सांगते, सुरुवात तिथून करायची नसते. खरं काय वाटतंय ते आधी देवाला सांगावं, मग एका भरवशाच्या माणसाला. मन बरं होण्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल तेच.

माझे यजमान अचानक गेले. मातीला सगळी मंडळी लोटली, सांत्वन सभा झाली, कित्येक दिवस घरोघरचे डबे येत राहिले. नगरची आमची मंडळी एकमेकांना धरून असते, तो आधार मी विसरणार नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "रडू नका बाई, ते प्रभूजवळ आहेत." ते प्रभूजवळ आहेत यावर माझाही विश्वास होता, पण त्या वाक्यानंतर रडायला जागाच उरायची नाही. मी संडे स्कूल शिकवणारी, माझ्याकडे बघून इतरांना धीर यायचा. उपासनेत मी गीतं म्हणत राहिले. घरी मात्र झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. पवित्र शास्त्र उघडलं की अक्षरं दिसायची, मनापर्यंत काही पोचायचं नाही. कुणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. कुणी उपास-प्रार्थना करायला सांगितली. एका प्रार्थनासभेत तर बाहेरून आलेल्या वक्त्यांनी मनाच्या आजारावर गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं सगळ्यांसमोर सांगितलं. दुःख होतंच, त्यात आता अपराधीपणाची भर पडली.

त्यातून पहिली वाट दाखवली ती आमच्या पाळकीणबाईंनी. एका दुपारी त्या आल्या, उपदेश काही केला नाही. 88वं स्तोत्र वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "हेसुद्धा शास्त्रातच आहे. तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा, मी बसलेय." त्या दुपारी मी पहिल्यांदा मोकळी रडले.

ते स्तोत्र मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याचा शेवट कधी लक्षात घेतला नव्हता. ते अंधारातच संपतं, कुठलंही सांत्वन न देता. स्तोत्रसंहितेच्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 13व्या स्तोत्रात भक्त देवाला चार वेळा विचारतो, अजून किती काळ? ज्यांनी ही स्तोत्रं देवाच्या लोकांच्या उपासनेसाठी जपून ठेवली, त्यांना तक्रार म्हणजे अविश्वास वाटला नव्हता. देव ऐकतो याची खात्री असते, म्हणून तर माणूस त्याच्याशी भांडतो. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मग आपण का रडू नये?

दुसरी गोष्ट एलीयाची. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात हा एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत येतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो, एलीया पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती नंतर, पुढच्या डोंगरावर. खचलेल्या माणसाला आधी जेवण आणि झोप लागते, हे शास्त्राला ठाऊक आहे.

आणि घाई करू नका. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील गमावले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रमाबाईंना जर इतका काळ लागला, तर आपल्याला महिन्याभरात "मी बरी झाले" अशी साक्ष द्यायला लावण्याचा हक्क कुणालाही नाही.

ज्याला आज सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, लिहा. वहीत देवाला उद्देशून लिहा. विलापाच्या स्तोत्रांचा साधारण एक क्रम असतो: हाक, तक्रार, मागणं आणि शेवटी भरवसा. शेवटचा भाग आज जमत नसेल तर मोकळा सोडा. 88व्या स्तोत्रानंही तो सोडला आहे.

दुसरी, माणूस पारखून निवडा. आपल्या मंडळ्यांमध्ये एकाला सांगितलेलं दुःख रविवारपर्यंत सगळ्यांचा प्रार्थनाविषय होतं आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही फिरतं. म्हणून आधीच स्पष्ट विचारा, "हे तुमच्यापाशीच राहील ना?" जो लगेच वचनं सांगू लागतो त्याच्यापेक्षा जो शेवटपर्यंत ऐकतो तो बरा. गेथशेमानेत येशूनंही सगळ्या शिष्यांना जवळ ठेवलं नाही, तिघांनाच पुढे नेलं.

तिसरी, डॉक्टरांकडे जा. पाळकीणबाईच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थपणा, निद्रानाश असे त्रास होऊ शकतात, म्हणून कोणत्याही सभेतल्या शब्दावर त्या सोडू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. जीव नकोसा वाटत असेल तर रविवारची वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून ठेवा.

चौथी गोष्ट, ज्यांची जखम माणसांनी केलेली आहे त्यांच्यासाठी. घरात मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या बाईला पहिल्याच दिवशी "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणारा सल्ला ऐकू नका. आधी सुरक्षित जागा, मग उपचार. क्षमेचा प्रवास तिचा आणि देवाचा आहे. तिला पुन्हा त्याच हातांत सोपवणं म्हणजे क्षमा नव्हे.

मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींनाही एक विनंती. इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानं जमिनीवर बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांचं चुकलं ते बोलायला लागल्यावर. सांत्वनाला जाल तेव्हा डबा न्या, वाणसामान भरून द्या, दवाखान्यात सोबत जा, आणि समोरचा रडत असेल तर त्याला रडू द्या. महिन्याभरानं बाकीचे यायचे थांबतात, तेव्हा पुन्हा जा.

आणि जो आज आतून मोडलेला आहे त्याला एवढंच सांगते: तुमची स्तुती परत येईल, माझी आली. तोवर जे गाता येत नाही ते गाऊ नका. जे खरं आहे ते देवाला सांगा, आणि या आठवड्यात एका माणसाला सांगा.