निंबोळीचे मोल

ज्येष्ठ महिना लागला म्हणजे कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडू लागतो. पाखरे त्यांतील गोड गर खातात आणि बिया खाली टाकतात. वाटसरू त्या तुडवीत निघून जातात. झाडलोट करणारा त्या केरात भरतो. परंतु ज्याच्या परसात भाजीचा वाफा आहे, त्याने या कडू बियांचे मोल ओळखले पाहिजे.

महाराष्ट्रातील लोकांचा कडुनिंबाशी स्नेह फार जुना आहे. गुढीपाडव्याला त्याचा कोवळा पाला खाण्याची रीत आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून वाळलेला पाला कणगीत घालण्याची चालही जुनीच. पुढे या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला. १९६२ साली दिल्लीकडे टोळधाड आली असता, तेथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ एस. प्रधान व त्यांचे सहकारी यांनी निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली. टोळ पिकांवर उतरले खरे, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत! १९६८ साली इंग्लंडमधील संशोधकांनी निंबोळीतील प्रभावी द्रव्य वेगळे केले. त्यास ‘ॲझाडिरॅक्टिन’ म्हणतात. त्याच्या योगाने किडीची खाण्याची इच्छा मंदावते आणि अळीच्या कात टाकण्यात विघ्न येऊन तिची वाढ खुंटते.

निंबोळीचा अर्क घरीही करता येतो. पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून त्यांचा गर धुऊन काढावा व बिया सावलीत वाळवाव्यात. बुरशी आलेल्या बिया टाकून द्याव्यात. उरलेल्या फोडून आतील मगज कुटावा. पन्नास ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. दुसऱ्या दिवशी ते पाणी फडक्यातून गाळून त्यात साबणाचे थोडेसे पाणी मिसळावे, म्हणजे अर्क पानांना चिकटून राहतो. मावा, पांढरी माशी यांसारखे किडे पानांच्या मागे दडतात. म्हणून फवारा तेथेही पोचला पाहिजे. उन्हाने अर्काचा गुण लवकर नाहीसा होतो. शिवाय दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. यास्तव फवारणी सायंकाळीच करावी. अर्क तोंडात वा डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि काम संपताच हात स्वच्छ धुवावेत.

हे औषध विषाप्रमाणे तत्काळ मारीत नाही. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली, तर माळ्याने हताश होऊ नये. ती खाईनाशी झाली, की पीक वाचले.

बियांतून तेल गाळल्यावर जी पेंड उरते, तीही वाया जात नाही. ती मातीत मिसळली असता रोपांना नत्र मिळते आणि मुळांना उपद्रव देणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो. तणावर मात्र निंबोळीचा इलाज चालत नाही. तेथे खुरपेच हवे, आणि तेही तणाला बी धरण्यापूर्वी. खुरपणीनंतर वाफ्यात पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. त्याखाली उजेड पोचत नसल्यामुळे नवे तण सहसा डोके वर काढीत नाही. माती ओलसर राहते, आणि तोच पाला कुजून तिचे अन्न होतो.

अशा या झाडावरून परदेशात एक मोठा वाद झाला. १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते व तेथील एक कंपनी यांना, कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी हटविण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. पेटंट म्हणजे नव्या शोधावरील मालकीचा हक्क. परंतु हा शोध नवा होता काय? भारतातील वंदना शिवा व त्यांचे युरोपातील सहकारी यांनी या हक्कास हरकत घेतली. भारतातील शेतकरी हा उपाय पूर्वीपासून जाणतात, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. २००० साली पेटंट रद्द झाले. त्यावरील अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

जे ज्ञान अनेक पिढ्यांनी अनुभवाने मिळविले, त्यावर कोणा एकाची मालकी चालली नाही. मात्र असे ज्ञान केवळ न्यायनिवाड्याने टिकत नाही. ज्येष्ठात निंबोळ्या वेचणारे हात असतील, तरच ते पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.