उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

प्रश्न : गाडी चार दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही. बॅटरी नवीच आहे. काय करू?

उत्तर : पुन्हा बॅटरी बदलू नका, आधी गळती शोधा. मल्टीमीटर 10 अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची सुटी केलेली केबल यांच्यामध्ये जोडा. गाडी लॉक करून अर्धा तास तरी थांबा. आतली कंट्रोल युनिट शांत व्हायला वेळ घेतात; घाईत घेतलेलं रीडिंग हमखास फसवतं. साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. 500 दिसले, तर 45 अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत उतरणारच. मग एकेक फ्यूज काढा. ज्यामुळे आकडा घसरेल, ते सर्किट दोषी. माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर, डॅशकॅमवर असतो. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.