उंबरठ्याच्या अलीकडे

म्हातारं मांजर ट्रे सोडून घरात शू करायला लागलं, की घरातली माणसं त्याचं कारण स्वभावात शोधतात. हट्टी झालीय, रुसलीय, नव्या सोफ्यावर राग काढतेय. आमची ठकी १४ वर्षांची झाली तेव्हा आमच्याकडेही असंच बोललं जाऊ लागलं. आज कुणी असा प्रश्न घेऊन आलं, तर मी आधी मांजराचं वय विचारते. वय १०-११ च्या पुढे असेल आणि जन्मभराची सवय अचानक मोडली असेल, तर दुखणं शरीरात आहे असं धरूनच चालावं. रुसवेफुगवे त्यानंतर.

ठकीचा ट्रे म्हणजे प्लास्टिकचं मोठं घमेलं. ते ड्राय बाल्कनीत असायचं आणि तिथे जायला ग्रॅनाइटचा चांगला उंच उंबरठा. शू व्हायची ती उंबरठ्याच्या अलीकडच्या पायपुसण्यावर. सगळे वैतागलेले असताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, ती घरभर कुठे करतेय? दारापर्यंत तर जातेय बिचारी. पुढे पाय उचलत नसतील तिचे.” त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांना ते दिसलं.

मग एकेक खुणा पटत गेल्या. खिडकीत ती थेट उडी मारेनाशी झाली होती, आधी खुर्चीवर चढायची. कमरेवरच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, कारण मान वळवून तिथपर्यंत चाटता येत नव्हतं. वाढलेली नखं सतरंजीत अडकत होती. मांजराचा संधिवात ओळखायला अवघड, कारण दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असले तर ते लंगडत नाही, फक्त हालचाल कमी करतं. १२ वर्षांपुढच्या मांजरांच्या एक्स-रे तपासणीत दहातल्या नऊ मांजरांच्या सांध्यांमध्ये झीज आढळली आहे. अशा मांजराला घमेल्याचा काठ म्हणजे रोजची चढण.

आम्ही कुंड्यांखाली ठेवतात तशी रुंद, उथळ ताटली आणली. काठ जेमतेम दोन-अडीच इंच, लांबी मांजराच्या दीडपट तरी, म्हणजे आत वळायला जागा राहते. ती पॅसेजमध्ये ठेवली, तिच्या झोपण्याच्या जागेजवळ. जुनं घमेलं मात्र लगेच हलवलं नाही. नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत दोन्ही राहू द्यावीत. लिटर तिच्या सवयीचंच, बारीक, बिनवासाचं ठेवलं. लाकडी पेलेट्स दुखऱ्या पंजांना टोचतात आणि सुगंधी लिटरचा वास माणसाला आवडला तरी मांजराला नको असतो. झाकणाचा ट्रे या वयात नकोच. रात्री पॅसेजमध्ये झिरोचा दिवा ठेवला, कारण म्हातारपणी नजरही मंदावते. घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक ट्रे हवा; जिना उतरून जाईल ही अपेक्षा धरू नये.

यानंतर पायपुसणं कोरडं राहू लागलं, पण दुसरी गोष्ट लक्षात आली. लिटरमधले शूचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे झाले होते आणि पाण्याचं भांडं लवकर रिकामं होत होतं. रोज लिटर उपसणाऱ्या माणसाला जे कळतं ते डॉक्टरांना दहा मिनिटांत कळणार नाही, म्हणून हे आवर्जून सांगावं. पाणी मोजून ठेवावं. ४ किलोचं मांजर रोज २०० मिलीलिटरच्या वर पाणी पीत असेल, तर थांबू नये. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, मधुमेह, थायरॉईड वाढणं, म्हाताऱ्या मांजरांची ही नेहमीची दुखणी. रक्तातलं क्रिएटिनिन साधारणपणे मूत्रपिंडाचं ७५ टक्के काम थांबल्यावर वाढतं, म्हणून रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी मागावी. रक्तदाबही मोजून घ्यावा. ठकीचं दुखणं मूत्रपिंडाचं निघालं. त्यावर पथ्याचं खाणं सुरू झालं, पाणी मात्र कधीच कमी केलं नाही. ट्रे ओला होऊ नये म्हणून शू थांबवायला पाणी आखडणारी माणसं मी पाहिली आहेत; अशा मांजराचा त्याने जीव जाऊ शकतो.

शू ट्रेमध्ये आणि शी बाहेर होत असेल, तर बद्धकोष्ठाचा विचार करावा. कुंथताना दुखलं की मांजर त्या वेदनेचा संबंध ट्रेशी जोडतं आणि दुसरीकडे जाऊन बघतं. थेंब थेंब शू, रक्ताची छटा, सारखं ट्रेमध्ये जाऊन बसणं ही मूत्राशयाची तक्रार. आणि बोका कुंथतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत तो दगावतो.

साफसफाईबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे वास आला की हात आपसूक फिनाईलच्या बाटलीकडे जातो. फिनॉल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. ओल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले तरी विष पोटात जातं, आणि आधीच थकलेल्या शरीराला ते सोसत नाही. जखमेवरचं अँटिसेप्टिक फरशीच्या पाण्यात टाकण्याची सवयही सोडावी. अमोनियाचं क्लीनर वापरलं तर त्या वासाने मांजर पुन्हा तिथेच येतं. शू आधी कापडाने टिपून घ्यावी, मग प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर ओतून ते मुरू द्यावं. घाईने पुसलं तर त्याचा उपयोग नाही. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

ओरडणं, मारणं, नाक शूमध्ये घासणं हे कुठल्याच वयात उपयोगाचं नाही. भ्यायलेलं मांजर शू दाबून धरतं, पलंगाखाली लपतं आणि दुखणं वाढतं.

उपचार चालू असूनही थोडी शू बाहेर होतच राहते. विशेषतः १५ वर्षांपुढे काही मांजरांना ट्रेची जागाच आठवत नाही. ती रात्री पॅसेजमध्ये उभी राहून ओरडतात. आम्ही ट्रेभोवती बाळांसाठी वापरतात ते शोषक पॅड अंथरले, गादीवर रबरी शीट घातली आणि लिटर दिवसातून दोनदा उपसायला लागलो. गावाला जाताना तिला बोर्डिंगमध्ये ठेवणं बंद केलं. ओळखीतलं कुणीतरी घरी येऊन बघतं. त्यांच्यासाठी फ्रीजवर कागद लावलेला असतो: पाणी किती ठेवायचं, शूचे गोळे साधारण किती मोठे असतात, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकही गोळा दिसला नाही तर कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा.