सोसूही नकोस, सोडूही नकोस

गोखिवरे, वसई (पूर्व)
मे महिना

प्रिय पोरी,



गोळी बंद करावीशी वाटते, असं तू आईजवळ बोललीस आणि ते व्हायचं तसं माझ्यापर्यंत आलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या जिवाला घोर लागला म्हणून तिने मला सांगितलं. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं सासूबाईंसमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि नंतर जावईबापूंनाही वाचायला दे.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालू होतं तोवर माणसं तुझ्या अवतीभवती होती. आता केस परत आलेत, तू कामावर जातेस, म्हणजे लोकांच्या लेखी तू बरी झालीस. रोजची एवढीशी गोळी, तिचा कसला आलाय त्रास, असं त्यांना वाटतं. त्रास असतो. माझ्या आजारपणात माझी गोळी लेट्रोझोल होती, तुझी टॅमॉक्सिफेन आहे. गोळ्या वेगळ्या, पण अंगातून वाफा निघणं, झोप उडणं आणि काही कारण नसताना डोळे भरून येणं दोन्हीकडे आहे. तेव्हा ‘तू उगाच बाऊ करतेस’ असं कुणी म्हणालं तर या कानाने ऐक आणि त्या कानाने सोडून दे.

गोळी सोडावीशी वाटणारी तू पहिली नाहीस. अमेरिकेत ८,७६९ स्त्रियांच्या औषधांच्या नोंदी तपासून २०१० साली एक अभ्यास छापला गेला. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश जणींनी साडेचार वर्षांच्या आत गोळी बंद केली होती. आता दुसरी बाजू बघ. अनेक चाचण्या एकत्र करून २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला, की पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांमध्ये पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी संपल्यावरही तिचा उपयोग वर्षानुवर्षं टिकतो. एवढी कामाची गोळी नुसत्या संकोचापायी सुटू नये. त्रास मुकाट्याने सोसू नकोस आणि गोळी गुपचूप सोडू नकोस. मधला रस्ता आहे, तो डॉक्टरांशी मोकळं बोलण्याचा.

ही गोळी करते काय, तेही समजून घे. तुझ्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे तुझी गाठ इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढणारी होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी टॅमॉक्सिफेन पेशीतली इस्ट्रोजेनची जागा धरून बसते. लेट्रोझोलचं काम निराळं. पाळी गेल्यावरही चरबीत वगैरे थोडंफार इस्ट्रोजेन बनत असतं, ती ते बनूच देत नाही. त्यामुळे मला हाडांची आणि सांध्यांची काळजी, तर तुला गर्भाशयाच्या अस्तराकडे आणि रक्तात गुठळी होण्याकडे लक्ष ठेवायचं. दुसरीचा त्रास ऐकून आपल्यालाही तोच होणार असं धरून चालू नये, ते यासाठी.

आता एकेक घेऊ.

वाफांचं. आधी छाती तापते, मग मान, मग कानाच्या पाळ्या. कपाळावर घाम फुटतो आणि काही मिनिटांत सगळं ओसरून उलट थंडी वाजते. वसईचा मे महिना मुळातच घामाघूम करणारा, त्यात लोकलच्या लेडीज डब्यात हे झालं की जीव नकोसा होतो. मी पर्समध्ये ओला नॅपकिन आणि पाण्याची बाटली ठेवायचे, दाराजवळची हवा येणारी जागा बघायचे. सुती कपडे घाल. रात्री जाड चादरीऐवजी दोन पातळ चादरी घे, म्हणजे एक काढता-ओढता येते. गरम चहा, झणझणीत जेवण, दिवसभराचा ताण यांपैकी तुला कशाने वाफ येते ते आठवडाभर लिहून बघ आणि तेवढंच कमी कर, सगळं बंद करून बसू नकोस. एवढ्याने भागलं नाही तर यावर औषधं आहेत. वेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन यांसारखी औषधं डॉक्टर देतात.

इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेव. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर तिचं जास्त प्रभावी रूप तयार होतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, नेमक्या त्याच कामात आडव्या येतात. मन उदास असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जरूर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त गेल्या गेल्या ‘मी टॅमॉक्सिफेनवर आहे’ हे सांग. वेगळी गोळी देता येते.

हेच घरगुती औषधांचं. आजारपणात प्रत्येक पाहुणा एकेक काढा सुचवून जातो. आमटीतली, भाजीतली हळद खुशाल खा. पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेऊ नकोस; त्यांनी टॅमॉक्सिफेनच्या त्या प्रभावी रूपाचं रक्तातलं प्रमाण घटतं, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसलंय. शतावरी, अशोकारिष्ट ही ‘बायकांची औषधं’ही कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करायची नाहीत. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून एखादा चमचा घेणं, हेही नको. ‘मावशीने नाही सांगितलंय’ म्हण. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

सांधे. माझ्यासारखा त्रास तुला कदाचित होणार नाही, पण पुढे गोळी बदलली तर माहीत असलेलं बरं. सकाळी मूठ वळायची नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजारणीला हाक मारावी लागायची. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग पलंगाचा कठडा धरून, अशा पायऱ्या कराव्या लागायच्या. बसून राहिलं की ते आणखी आखडतात. अमेरिकेत येल विद्यापीठाने लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या, सांधे दुखणाऱ्या बायकांवर प्रयोग केला. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं चांगलंच कमी झालं. तो निकाल २०१५ साली छापला गेला. मी पहाटेच बाहेर पडायचे. वालीव-सातिवलीच्या कंपन्यांचे टेम्पो रस्त्यावर आले की गोखिवऱ्यात चालायची सोय राहत नाही. पहिली दहा मिनिटं पाय कुरकुरायचे, मग तुंगारेश्वरचे डोंगर उजळेपर्यंत चाल मोकळी व्हायची. तुला वाफा आणि थकवा असला तरी चालणं सोडू नकोस. थकवा पडून राहून जात नाही. हाडांसाठी नाचणी, तीळ, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी चालू ठेव. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तेवढ्याच.

आता फोनवर जे बोलता आलं नसतं ते. योनीमार्गात कोरडेपणा येतो, संबंध दुखतात, इच्छाही मंदावते. कुणाला पांढरं पाणी जातं. आपल्याकडे बाई हे नवऱ्यालाही सांगत नाही, ती नुसती पाठ फिरवून झोपते आणि नवऱ्याला वाटतं, हिचं मन उडालं. जावईबापूंना सांग, हे गोळीमुळे आहे, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. मेडिकलमध्ये पाण्याचा आधार असलेली जेल मिळते, ती वापरा. खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरायचं नाही, त्याने रबर फाटतं. हार्मोनची क्रीम स्वतःच्या मनाने आणायची नाही.

आणि कंडोम किंवा तांबी हवीच. टॅमॉक्सिफेनचा जन्म १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत, गर्भनिरोधक शोधताना झाला. बायकांमध्ये मात्र त्याने उलटंच केलं, बीज सुटायला मदत केली. त्या कामाला ते नापास झालं, पण १९७१ साली मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कॅन्सरवरचा त्याचा उपयोग जगापुढे आला. तेव्हा पाळी अनियमित झाली किंवा थांबली म्हणून दिवस राहणार नाहीत, असं समजू नकोस. गोळी चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका आहे, आणि नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत हार्मोन असतात, म्हणून त्याही तुला चालणार नाहीत.

दुसऱ्या मुलाचं तुमच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी गोळी आत्ताच फेकून द्यायचं कारण नाही. ४२ वर्षांपर्यंतच्या बायकांवरची एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात दीड ते अडीच वर्षं औषध घेऊन मग मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत ते थांबवलं होतं. पहिल्या काही वर्षांत तरी रोग उलटण्याचं प्रमाण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून पाहायची आहेत. तुझ्या बाबतीत हे जमेल का आणि कधी, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण विचार तर!

काही लक्षणांना मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर त्याच क्षणी दवाखाना. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर डाग दिसला किंवा नजर अंधूक झाली, तर लगेच फोन करून भेट घे. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर गोळीचं नाव आधी सांग. चिपळूणहून इथे येताना गाडीत पाय आखडून बसू नकोस, मधून मधून उठून चाल.

गोळी रोज एका ठरावीक वेळेला घे. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री घेऊन बघ. एखाद्या दिवशी विसरलीस तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. पण मनानेच अर्धी करणं किंवा एक दिवसाआड घेणं, हे नको.

पुढच्या फॉलो-अपला परळला येशील तेव्हा आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये. सकाळी वसई रोडहून लोकलने प्रभादेवी, पूल ओलांडला की परळ, तिथून टाटा हॉस्पिटल, आपण दोघी जाऊ. येताना एक वही आण. त्यात तीन रकाने पाड: काय होतं, किती वेळा होतं आणि त्यामुळे कुठलं काम अडतं. डॉक्टरांपुढे गर्दी असते, ‘जरा त्रास होतो’ म्हटलं की ‘होतो थोडा’ एवढंच उत्तर मिळतं. ‘रात्रीतून चार वेळा उठते, दुसऱ्या दिवशी कामात चुका होतात’ असं वाचून दाखवलंस तर त्यांना उपाय शोधावाच लागेल. वेळ बदलता येते, जोडीला औषध देता येतं, त्रास गोळीचाच आहे का हे बघायला ते स्वतः काही दिवस थांबवून पाहू शकतात, पाळी बंद करणारी इंजेक्शनं देऊन दुसऱ्या गटातली गोळीही देता येते. यातलं काय करायचं, हे त्यांनी सांगायचं. पण ‘मला हे असंच पुढे नेता येणार नाही, काहीतरी बदला’ हे वाक्य तुझ्याच तोंडून यायला हवं. मी शेजारी बसलेली असेन, पण तुझ्या वतीने बोलणार नाही.

तोवर आजची गोळी घे.

घरात सर्वांना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझी,
मावशी