रुग्णालयातील देयकांचे काम : एक दुर्लक्षित व्यवसाय

देवळाली कॅम्प हे लष्करी छावणीचे आणि लाम रोडवरील आरोग्यभुवनांचे गाव. निवृत्त सैनिकांची कुटुंबे या परिसरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना लागू झाली. पॉलिक्लिनिकने शिफारस केलेला रुग्ण मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात दाखल होतो. त्याला रोख रक्कम भरावी लागत नाही. रुग्णालय आपले देयक योजनेकडे पाठविते. हे देयक तयार करणारा बिलिंग क्लार्क मात्र सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.

त्याचे काम रुग्ण घरी जाताना नव्हे, तर तो दाखल होतानाच सुरू होते. शिफारसपत्राची मुदत, कार्डावरील नाव, शस्त्रक्रियेचा संकेतांक, केंद्र सरकारी आरोग्य योजनेनुसार ठरलेला दर, औषधांच्या पावत्या, बसविलेल्या कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावरील चिठ्ठी, हे सारे त्याला जुळवावे लागते. एखादा कागद राहिला की आक्षेप निघतो, रक्कम कापली जाते किंवा अडकते. रकमा थकल्या की रुग्णालये योजनेतील रुग्ण घेण्यास कचरतात. त्याची झळ अखेर वृद्ध निवृत्तालाच पोहोचते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हीच गोष्ट आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपये झाले. अर्थात दाव्यांचे कामही वाढले. खाजगी विम्याच्या बाबतीत तर विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये रोकडरहित उपचारांच्या पूर्वमंजुरीला १ तासाची आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीला ३ तासांची मर्यादा घातली. रुग्णालयाकडून कागद अपुरे गेले, तर ही मर्यादा रुग्णाच्या फारशी उपयोगी पडत नाही.

या कामास वाणिज्य शाखेची पदवी व संगणकाचे ज्ञान उपयोगी पडते. वैद्यकीय संज्ञांचा परिचय मात्र हवाच. सुरुवातीचे वेतन बेताचेच असते, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये. केवळ आकडे भरण्याचे काम संगणक झपाट्याने आपल्याकडे घेत आहे. परंतु आक्षेपाचे उत्तर लिहिणे, डॉक्टरांकडून अपुरी नोंद पूर्ण करून घेणे आणि घाबरलेल्या नातेवाइकाला हिशेब समजावून सांगणे, ही कामे माणसालाच करावी लागतात. ती ज्याला साधतात, त्याला दावा विभागप्रमुख, विमा कंपनीतील दावा-तपासनीस किंवा वैद्यकीय संकेतांकनकार होण्याचा मार्ग मोकळा असतो.

वाणिज्य शिक्षकांनी नमुन्याचे एखादे देयक, नावे वगळून, वर्गात तपासावयास दिले तर या कामाची ओळख शाळेतच होईल. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील शिधापत्रिकांवरील व आधार कार्डांवरील नावांचे स्पेलिंग एक आहे ना, एवढे वेळीच पाहून घेतले, तरी दाखल होतेवेळची धावपळ बरीच वाचेल.