अलकाबाईंच्या तोंडून बोलतो कोण?

आखाजीला लेकी माहेरी येतात, हा खानदेशचा रिवाज. धुळ्याच्या देवपुरातल्या एका घरी यंदा लेकीबरोबर आणखी एक पाहुणी आली. उंची वीतभराहूनही कमी, अंगावर राखाडी कापड, डोक्यावर निळा दिवा. लेक चार दिवसांनी पुण्याला परतली, पाहुणी मात्र टीव्हीशेजारच्या फळीवर मुक्कामाला राहिली. घरातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मोठ्या आईंना तिचं 'अलेक्सा' हे नाव काही केल्या उच्चारता येईना. त्यांनी तिचं 'अलका' करून टाकलं आणि अलकाबाई ओ देत नाहीत म्हणून दोन दिवस रुसून बसल्या. मग एकदा स्पीकरभोवती पाहत त्यांनी विचारलं, "हाई बाई कथा बठेल शे?" ही बाई बसलीय तरी कुठे?

प्रश्न फार मोलाचा होता. घरातले कर्ते पुरुष, म्हणजे प्रस्तुत लेखक, त्यावर मोठ्याने हसले. हे हसू त्यांना ५,१०० रुपयांना पडलं.

त्याचं असं झालं. निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक यादी फिरत होती : 'घरी स्मार्ट स्पीकर आहे? मग ही २५ नवी अ‍ॅप्स हवीतच!' भजनं, गोष्टी, पाककृती, सामान्यज्ञान, राशिभविष्य, असं सगळं त्यात होतं. लेखकमहाशयांनी चष्मा पुसला, मोबाईल हातात घेतला आणि एका संध्याकाळात १७ अ‍ॅप्स सुरू करून टाकली. प्रत्येक वेळी 'परवानगी द्या' असा चौकोन येई आणि ते पाच कंदील चौकात भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर टाकावी तितक्या सढळ हाताने परवानगी देत. तीन आठवड्यांनी विचारलं असतं तर १७ पैकी ४ नावंही त्यांना सांगता आली नसती. मोबाईलवर अ‍ॅपचं चिन्ह तरी डोळ्यांना खुपत राहतं. स्पीकरवर चिन्हच नसतं. आवाजाचं अ‍ॅप घरात आहे की नाही, हे ते बोलेपर्यंत कळतच नाही.

राशिभविष्याचं अ‍ॅप मोठ्या आईंना फार आवडलं. सकाळी चहाबरोबर कर्क राशीचं भविष्य ऐकायचं आणि दिवसभर त्याचा पडताळा घेत बसायचं. दहा-बारा दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी तोच गोड आवाज म्हणाला की, सविस्तर कुंडलीसाठी जन्मतारीख, जन्मवेळ आणि मोबाईल नंबर सांगा. मोठ्या आईंनी तिन्ही गोष्टी खणखणीत आवाजात सांगितल्या. पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. पलीकडच्या माणसाला रास ठाऊक, वय ठाऊक, घरात एक नातू आहे हेही ठाऊक (ते मोठ्या आईंनीच पहिल्या फोनवर सांगितलं असणार). ग्रहशांतीचे ५,१०० रुपये शेजारच्या कॉलेजकुमाराच्या मोबाईलवरून गेले, मोठ्या आईंनी ते त्याला रोख दिले, आणि घरच्यांना पत्ता लागला तो थेट पाकिटातून अंगारा आला तेव्हा.

नंबर त्या अ‍ॅपमधूनच बाहेर गेला, याचा पुरावा लेखकाकडे नाही. पण त्या अ‍ॅपचं पान उघडून पाहिल्यावर त्यांना दोन गोष्टी दिसल्या. नाव आणि मोबाईल नंबर वाचण्याची परवानगी त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी दिली होती. आणि बनवणाऱ्याच्या रकान्यात एखाद्या मोठ्या धार्मिक संस्थेचं वाटावं असं नाव होतं, ज्याचा त्या संस्थेशी काही संबंध आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

या स्पीकरची खरी गोम इथे आहे. अलेक्साच्या दुकानात या अ‍ॅपना 'स्किल' म्हणतात आणि जगभरात त्यांची संख्या २०१९ मध्येच एक लाखावर गेली होती. यातली बहुतेक स्किल्स अ‍ॅमेझॉनने नाही, बाहेरच्या माणसांनी आणि कंपन्यांनी बनवलेली असतात. पण बोलताना बरीचशी वापरतात तो अलेक्साचाच आवाज. बँकेत काउंटरवरचा कारकून बदलला तर दिसतो. इथे कारकून बदलतो, चेहरा आणि आवाज मात्र तोच राहतो. मोठ्या आईंना वाटत होतं, अलका विचारतेय. विचारत होता तिसराच कोणी.

बर्लिनच्या 'सिक्युरिटी रिसर्च लॅब्ज' या संस्थेने २०१९ मध्ये हेच करून दाखवलं. त्यांनी अलेक्सा आणि गूगल होमसाठी आठ अ‍ॅप्स तयार केली आणि ती आठही दोन्ही कंपन्यांच्या तपासणीतून सुटली. आठपैकी सात अ‍ॅप्स राशिभविष्याची होती! म्हणजे भविष्य ऐकण्याचा सोस देवपूरपुरता नाही. आधी निरुपद्रवी अ‍ॅप मंजूर करून घ्यायचं, मंजुरीनंतर आतला मजकूर बदलायचा, अशी युक्ती होती. अ‍ॅप उघडलं की 'ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं ऐकू येई. ऐकणाऱ्याला वाटे, संपलं. प्रत्यक्षात अ‍ॅप उच्चारता न येणारी अक्षरं 'वाचत' गप्प बसलेलं असे. थोड्या वेळाने तोच आवाज म्हणे, तुमच्या उपकरणासाठी सुरक्षा अपडेट आलं आहे, 'स्टार्ट' म्हणा आणि पासवर्ड सांगा. काही अ‍ॅप्स तर 'थांब' म्हटल्यावर निरोप घेत आणि तरीही कान उघडे ठेवत. संशोधकांनी कंपन्यांना कळवून ही अ‍ॅप्स काढून टाकली.

पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि जर्मनीतलं बोखुमचं रूर विद्यापीठ इथल्या संशोधकांनी सात देशांच्या दुकानांतली ९०,१९४ स्किल्स चाळली. अ‍ॅप टाकणाऱ्याला बनवणारा म्हणून कोणतंही नाव लावता येतं, ते खरं आहे का हे नीट तपासलं जात नाही, असं त्यांना आढळलं. अंगाऱ्याचं पाकीट हातात धरून हे वाचताना लेखकाला कसं वाटलं असेल, ते वाचकांनी ओळखावं.

नावांचा घोळ आणखी वेगळा. अ‍ॅप बोलावून उघडायचं, म्हणजे सगळा खेळ उच्चारावर आला. एकसारख्या ऐकू येणाऱ्या नावांमुळे भलतंच अ‍ॅप उघडतं आणि कोणी मुद्दाम तसं नाव घेऊन दबा धरून बसू शकतं, हे इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये मांडलं. ते प्रयोग अमेरिकी उच्चारांवर झाले. आमच्याकडे तर 'आहे'चं 'शे' होतं आणि 'बसलेली'चं 'बठेल'. अलेक्सा भारतात इंग्रजी बोलते, सप्टेंबर २०१९ पासून हिंदीही बोलते. मराठी गाणं मागितलं तर बहुतेक वेळा लावते, पण मराठीत गप्पा मारत नाही आणि अहिराणी तिच्या गावीही नाही. त्यामुळे कोणतंही नवं अ‍ॅप सुरू करताना घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडून त्याचं नाव तीन वेळा म्हणवून घ्यावं आणि तिन्ही वेळा तेच उघडतं का ते पाहावं. देवपुरात ही परीक्षा घेतली तेव्हा पाककृतीचं म्हणून बोलावलेलं अ‍ॅप दोनदा इंग्रजी विनोद सांगू लागलं.

यादीतल्या 'नव्या' अ‍ॅप्सचं नवेपणही तपासून घ्यायला हवं. गूगलच्या स्पीकरवर बाहेरच्यांनी बनवलेली बोलकी अ‍ॅप्स कंपनीने १३ जून २०२३ ला सरसकट बंद केली. अ‍ॅमेझॉनने स्किल बनवणाऱ्यांना बक्षिसं देण्याची योजना २०२४ च्या मध्यात गुंडाळली. पैसे थांबले की बनवणारा आपलं अ‍ॅप सोडून दुसऱ्या कामाला लागतो. मागे उरतं ते उतरलेल्या मांडवासारखं काहीतरी. दुकानाच्या पानावर शेवटचा अभिप्राय कधीचा आहे ते बघा. तीन-चार वर्षांत कोणी काही लिहिलं नसेल, तर ते अ‍ॅप घरात आणू नये.

मग परवानग्या. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, ई-मेल यांतलं अ‍ॅप काय मागतं, ते सुरू करतानाच दिसतं. भजनाच्या अ‍ॅपला पत्ता कशाला हवा, एवढा प्रश्न स्वतःला विचारला की अर्धं काम होतं. आधीच परवानगी दिली असेल तर अलेक्साच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये 'मोअर', मग 'अलेक्सा प्रायव्हसी' इथे जाऊन ती काढून घेता येते. बोललेल्याची ध्वनिमुद्रणंही तिथेच ऐकता आणि पुसता येतात. लेखकाने तिथे मोठ्या आईंचा, म्हणजे आपल्या मातोश्रींचा, आवाज ऐकला, जन्मवेळेसकट. ऐकून त्यांना घाम फुटला, आणि तो धुळ्याच्या मे महिन्याचा नव्हता.

निळा दिवा घरातल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. अलेक्सा ऐकत असते तेव्हा तो लागतो. बोलणं संपलं, खोलीत शांतता आहे आणि दिवा अजून निळाच आहे, याचा अर्थ कोणीतरी अजून ऐकतंय. अशा वेळी माईक बंद करण्याचं बटण दाबावं, दिवा लाल होतो. पासवर्ड, ओटीपी, बँकेचा आकडा हे स्पीकरला कधीच सांगायचं नाही. बर्लिनच्या प्रकारानंतर अ‍ॅमेझॉननेच सांगितलं होतं की, आम्ही पासवर्ड मागत नाही आणि अपडेट आपोआप येतात. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन करता येईल तितका करावा. लेखकाने लाजेपायी नऊ दिवस घालवले, तोवर काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

घरात लहान मूल असेल तर खरेदीची सोय आधी बंद करा, नाहीतर तिला चार आकडी कुलूप घाला. अमेरिकेत डॅलसमध्ये सहा वर्षांच्या मुलीने बोलता बोलता बाहुलीघर आणि चार पौंड बिस्किटं मागवली होती. जानेवारी २०१७ मध्ये टीव्हीवर ही बातमी सांगताना निवेदकाने तेच वाक्य उच्चारलं, आणि प्रेक्षकांच्या घरचे स्पीकरही बाहुलीघर मागवायला निघाले. देवपुरातली फळी टीव्हीच्या शेजारीच होती. ती आता स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. डिसेंबर २०२१ मधला प्रकार याहून भयंकर. दहा वर्षांच्या मुलीने 'काहीतरी चॅलेंज दे' म्हटलं आणि अलेक्साने इंटरनेटवरून उचलून, अर्धवट खोचलेल्या प्लगच्या पिनांना नाणं लावायला सांगितलं. आई शेजारी होती म्हणून निभावलं. अ‍ॅमेझॉनने ती चूक दुरुस्त केली. तरी मुलाला स्पीकरजवळ एकटं सोडून भाजीला जाण्याइतका भरवसा त्याच्यावर ठेवू नये. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याबद्दल आणि पुसायला सांगूनही ते न पुसल्याबद्दल अमेरिकी सरकारने काढलेल्या प्रकरणात २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला, हेही ध्यानात असू द्यावं.

औषधाच्या आठवणीचं अ‍ॅप यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. दुपारी दोनच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी ते लावलं. तिसऱ्याच दिवशी दीड ते तीन वीज गेली. फळीवरच्या त्या स्पीकरला बॅटरी नाही, म्हणून अलकाबाई गप्प आणि गोळी डबीत. गोळीसाठी कॅलेंडरवरची पेन्सिलीची खूणच बरी.

इतकं झाल्यावर स्पीकर माळ्यावर टाकून द्यावा असं कोणालाही वाटेल. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीत घरात शिरलेल्या माकडांना पळवण्यासाठी एका तेरा वर्षांच्या मुलीने अलेक्साला कुत्र्यासारखं भुंकायला सांगितलं आणि माकडं पळाली. त्यासाठी कोणतंही नवं अ‍ॅप लागलं नव्हतं. घरात जे खरोखर उपयोगी पडतं ते बहुतेक स्पीकरमध्ये आधीपासूनच असतं : गजर, शिट्ट्या मोजताना टायमर, हवामान, गाणी. लेकीचा फोनही त्यावर येतो. फक्त न विचारता थेट बोलता येण्याची 'ड्रॉप इन' ही सोय घरच्यांपुरतीच ठेवावी.

बाहेरच्यांपैकी देवपुरात जागा टिकवली ती आकाशवाणीने. तिच्या १४ भाषांतल्या १७ सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये अलेक्सावर आल्या. बनवणारा कोण हे ठाऊक, काही मागत नाही, आणि निवेदक माणूस आहे हे ऐकताक्षणी कळतं. जळगाव केंद्राचे कार्यक्रम वर्षानुवर्षं ऐकलेल्या मोठ्या आईंना तो बाज लगेच ओळखू आला. बाकीची १६ अ‍ॅप्स लेखकाने एका दुपारी काढून टाकली. 'मोअर'मधल्या 'स्किल्स अँड गेम्स'मध्ये 'युवर स्किल्स' असं पान आहे, तिथे एकेकाच्या नावावर जाऊन 'डिसेबल' म्हणायचं. आता महिन्याच्या किराण्याची यादी होते त्या दिवशी हे पानही उघडलं जातं, कारण नातू अधूनमधून काहीतरी नवं बोलावून ठेवतोच, आणि काही अ‍ॅप्स नुसत्या नावाने हाक मारली तरी सुरू होतात.

परवा गटावर नवी यादी आली. या वेळी ३१ अ‍ॅप्स. लेखकमहाशयांनी ती मोठ्या आईंना वाचून दाखवली. त्या भरिताची वांगी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्यामां आकाशवानी शे का?"

ती आपल्याकडे आहेच, असं सांगितलं.

"मंग ऱ्हाऊ दे."