सान मियानचा मठ : लुटले गेलेले सोने, उरलेली टिपणे

मठाचा ठेवा म्हटला की सोने, रत्ने आणि संतांच्या अस्थी डोळ्यांसमोर येतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे निराळाच ठेवा सापडू शकतो. उत्तर स्पेनमधील सान मियान दे ला कोगोया हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

सहाव्या शतकातील मियान या तपस्व्याच्या गुहेपाशी डोंगरावर ‘सुसो’ हा मठ उभा राहिला. पुढे खाली खोऱ्यात ‘युसो’ मठ झाला. अकराव्या शतकात संताच्या अस्थींसाठी कोरीव हस्तिदंती फलकांची, सोन्याने व रत्नांनी मढवलेली पेटी घडविण्यात आली. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी सोने व रत्ने काढून नेली. काही फलक पुढे परदेशी संग्रहालयांत गेले. अनेक फलक मात्र युसोमध्येच राहिले.

याच मठातील ६० क्रमांकाच्या लॅटिन हस्तलिखितात, समासात व ओळींच्या मधल्या जागेत, कठीण शब्दांचे अर्थ टिपलेले आहेत. त्यांपैकी शंभराहून अधिक टिपणे स्थानिक रोमान्स बोलीत, तर दोन बास्क भाषेत आहेत. लॅटिन ही ग्रंथांची व उपासनेची भाषा असताना बोलीला हा आधार घ्यावा लागला. एका टिपणात तर शब्दार्थ मागे पडून बोलीतील छोटी प्रार्थनाच अवतरते. अर्थ सांगण्यापुरती आलेली बोली येथे स्वतः बोलू लागते.

लक्षात ठेवा : भाषेचा पुरावा केवळ मुख्य मजकुरात शोधू नये, समासही वाचावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न : बोलीच्या इतिहासासाठी समासातील टिपणे महत्त्वाची का ठरतात?